दौत राहिली, पत्रे गेली

'संग्रह' हा शब्द मराठीच्या वर्गात आणि वर्गाबाहेर अगदी वेगळ्या रीतीने वावरतो. वर्गात तो कवितासंग्रह, कथासंग्रह, पत्रसंग्रह अशा जोडशब्दांतून येतो. बाहेर तो नाण्यांचा, दिव्यांचा, अडकित्त्यांचा किंवा दौतींचा असतो. पहिल्या प्रकारच्या संग्रहाबाबत आपण मराठीचे लोक फार काटेकोर असतो. आवृत्ती कोणती, साल कोणते, संपादक कोण, कविता प्रथम कुठे छापून आली, पाठभेद आहेत का, हे प्रश्न विचारल्याशिवाय आपण विद्यार्थ्याला पुढे जाऊ देत नाही. दुसऱ्या प्रकारच्या संग्रहापुढे मात्र आपली चिकित्सा गळून पडते. "किती जुनी आहे हो ही!" एवढ्या उद्गारावर आपले समाधान होते. जुन्या वस्तूला तिचे साल, तिचा कर्ता आणि तिचा प्रवास विचारणे हे साहित्याच्या अभ्यासकाचेच काम आहे, आणि ते आपण करीत नाही म्हणून आपल्या डोळ्यांदेखत बरेच काही नष्ट होत आहे, असे आमचे मत आहे.

निमित्त आहे लेखनाच्या मेजावरील जुन्या वस्तूंच्या वाढत्या हौसेचे. दौत, टाक, कलमदान, पेपरवेट, टीपकागदाचा अर्धगोल दांडा या वस्तूंचा उपयोग संपला आणि त्यांना शोभा आली. या हौसेतील एक छोटे पण जाणकारांचे दालन रशियन बिडाच्या वस्तूंचे आहे. बीड म्हणजे ओतीव लोखंड. आपल्याकडे बीड म्हटले की बिडाचा तवा आठवतो. त्याच जड, ठिसूळ, काळ्या धातूतून रशियात मेजावरचे संपूर्ण साज ओतले जात. दोन दौती, टाक ठेवायची पन्हळ, मेणबत्तीच्या बैठका, कागद कापायची सुरी, लाखेच्या मोहोरेची मूठ, आणि या सगळ्यांच्या मधोमध एखादा घोडा, एखादे अस्वल किंवा एखादा लेखकाचा अर्धपुतळा. पुश्किन आणि गोगोल मेजावर बसून लिहिणाऱ्याकडे पाहत आहेत, ही कल्पनाच साहित्याच्या माणसाला मोहात पाडणारी आहे.

या वस्तूंचे सर्वांत नावाजलेले गाव उरल पर्वतातील कास्ली. तेथील लोखंडाचा कारखाना १७४७ सालचा. एकोणिसाव्या शतकात तेथे तोफगोळे आणि भांडी यांच्या बरोबरीने कलात्मक ओतकाम सुरू झाले. उरलमधील बारीक वाळूचे साचे, लोणारी कोळशावर वितळवलेले शुद्ध बीड आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे हात यांच्या जोरावर लोखंडात जाळीची नक्षी आणि घोड्याच्या आयाळीतला केस दिसू लागला. साच्यातून निघालेल्या तुकड्यावर छिन्नीने काम होई, आणि शेवटी काजळी व तेल यांच्या मिश्रणाचा मखमली काळा रंग चढे. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी कास्लीच्या कारागिरांनी अख्खा मंडप बिडाचा केला. त्याला प्रदर्शनाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तो मंडप आज येकातेरिनबुर्गच्या कलासंग्रहालयात आहे. कास्लीच्या मूर्तींमधील अत्यंत लोकप्रिय मूर्ती डॉन किहोतेची आहे. स्पॅनिश कादंबरीचा नायक रशियन लोखंडात ओतला जावा आणि जगभरच्या मेजांवर पोचावा, हाही भाषांतराचाच एक प्रकार म्हणायचा.

पण आम्हांला या वस्तूंच्या सौंदर्यापेक्षा त्यांचा तळ अधिक महत्त्वाचा वाटतो. कास्लीची वस्तू उलटी करून पाहावी. तेथे बहुधा कारखान्याचे नाव असते, पुष्कळदा साल असते, झारच्या काळातील असेल तर दुतोंडी गरुड असतो, आणि कधी मूळ शिल्प करणाऱ्याचे तर कधी साचा घालणाऱ्या कामगाराचेही नाव असते. पुस्तकाच्या मुखपृष्ठामागे जे पान असते, तेच हे. वस्तू आपली नोंद स्वतःच्या अंगावर घेऊन हिंडते. मालक बदलला, देश बदलला, राज्यव्यवस्था बदलली, तरी ती नोंद सुटत नाही.

या नोंदीतूनच कास्लीची एक मूर्ती साहित्यात शिरली. वासिली तोरोकिन हा कास्लीचा कामगार-शिल्पकार. त्याने सूत काढणारी एक खेडवळ म्हातारी घडवली. उरलच्या दंतकथा सांगणाऱ्या पावेल बाझोव्हने पुढे या म्हातारीवर 'बिडाची आजी' या अर्थाच्या नावाची कथा लिहिली. कारखान्याच्या वरिष्ठांना परदेशी देवदेवता आणि सरदार हवे असताना एका कामगाराने शेजारची म्हातारी घडवावी, हा त्या कथेचा गाभा आहे. 'मेजावरची शोभेची वस्तू' या गोंडस शब्दांमागे केवढा संघर्ष असू शकतो, हे दाखवायला ही एक कथा पुरेशी आहे. मात्र बाझोव्हला ती लिहिता आली, कारण तोरोकिन हे नाव उरले होते.

वस्तूंच्या अभ्यासाला पाठचिकित्सेची शिस्त लावता येते, हे सांगायलाही बिडाचे उदाहरण उपयोगी पडते. वितळलेले बीड थंड होताना सुमारे १ टक्का आक्रसते. म्हणून मूळ नमुन्यावरून साचा न काढता कोणी तयार मूर्तीवरूनच साचा काढला, तर नवी मूर्ती जराशी लहान निघते आणि तिची नाकेडोळे, बोटे, आयाळ किंचित बोथट होतात. त्या मूर्तीवरून आणखी एक काढली, तर ती आणखी लहान, आणखी बोथट. प्रतीची प्रत, तिची पुन्हा प्रत आणि प्रत्येक टप्प्यावर साचत जाणारे लेखनिकाचे प्रमाद, हे आपण ज्ञानेश्वरीच्या किंवा महानुभावांच्या पोथ्यांच्या संदर्भात शिकवतोच. तोच न्याय इथे आहे. फरक इतकाच की येथे फूटपट्टी घेऊन पाठभेद मोजता येतो.

दुसरे साम्य अधिक क्लेशदायक आहे. बिडाची जुनी वस्तू हाती आली की पुष्कळ हौशी मंडळी ती घासूनपुसून चकचकीत करतात. वर चढलेला गंज जातो, आणि त्याच्याबरोबर मूळचा काळा रंगही जातो. कोकणच्या खाऱ्या हवेत असे उघडे पडलेले बीड पहिल्याच पावसाळ्यात पुन्हा तांबडे होते. जुन्या ग्रंथाची भाषा 'सुधारून' छापणाऱ्या संपादकांनी नेमके हेच केले आहे. लिहिणाऱ्याच्या बोलीचा, काळाचा आणि हाताचा रंग त्यांनी मळ समजून काढून टाकला.

आपल्याकडे या विषयाचा विचार करताना दिनकर गंगाधर केळकर यांना टाळून पुढे जाता येत नाही. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय सर्वांना ठाऊक असते. ते उभारणारे केळकर (१८९६–१९९०) 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत, हे मात्र मराठीच्या विद्यार्थ्यालाही आठवण करून द्यावे लागते. चष्म्यांचा व्यवसाय सांभाळून या कवीने आणि त्यांच्या पत्नी कमलाबाईंनी खेडोपाडी हिंडून दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे, वाद्ये अशा वीस हजारांहून अधिक वस्तू मिळवल्या. बालवयात गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव त्या संग्रहाला दिले आणि तो महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. राजेरजवाड्यांच्या तलवारींना मान होता, अशा काळात स्वयंपाकघरातील आणि माजघरातील वस्तूला त्यांनी मान दिला. कवितेने ज्याला 'सामान्य' म्हणून पाहायला शिकवले, त्याच सामान्याकडे ते संग्राहक म्हणूनही पाहत होते, असे आम्ही समजतो.

त्याच पुण्यात त्यांच्या आधी वि. का. राजवाडे कागद गोळा करीत हिंडले होते. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ चा. राजवाड्यांनी पत्रे शोधली, केळकरांनी दौती. दोघांचा ध्यास एकाच प्रतीचा होता. परंतु या दोन परंपरांची गाठ आपण नीट घातली नाही. ज्या दौतीतून पत्र लिहिले गेले ती एका कपाटात, पत्र दुसऱ्या गावात, आणि दोघांना जोडणारी माहिती बहुधा कोठेच नाही, असे आपल्याकडे वारंवार घडते.

त्यात आपल्या वस्तूंची एक मोठी अडचण आहे. कास्लीच्या वस्तूचा तळ बोलतो, आपल्या पितळी दौतीचा तळ मुका असतो. तांबट-कासारांनी घडवलेल्या वस्तूंवर कर्त्याचे नाव क्वचितच सापडते. भांड्यावर नाव घातलेले असते ते देणाऱ्याचे किंवा घेणाऱ्याचे, घडवणाऱ्याचे नव्हे. त्यामुळे आपल्या दौतीची नोंद तिच्या अंगावर नसते, ती तिच्या आसपास असते. कीर्दखतावणीत, रुमालात बांधलेल्या मोडी कागदांत, पोस्टकार्डांच्या गठ्ठ्यात, घरातील वृद्धेच्या बोलण्यात. ती बाजू तुटली की दौत केवळ वजनाने मोजायचे पितळ होते.

नागावात हे तुटणे रोज घडते आहे. अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील या गावाची ओळख नारळीपोफळीच्या वाड्यांची. गेल्या काही वर्षांत या वाड्यांतील जुनी घरे विकली जात आहेत, काही पाहुण्यांसाठी नव्याने सजत आहेत. घर रिकामे करताना सामानाची दोन भागांत विभागणी होते. मेज, दौत, पितळी कुलूप, पेटी हे जुन्या वस्तूंचा व्यापारी घेऊन जातो. वह्या, पत्रे, पंचांगाच्या कडेला लिहिलेल्या नोंदी हे सारे रद्दीवाला किलोच्या भावाने उचलतो. एकाच मेजाचे वरचे सामान दिवाणखान्यात जाते आणि खणातले सामान लगद्यात.

अशाच एका घरात आम्ही एक काळा घोडा पाहिला. पंचांगाची पाने उडू नयेत म्हणून तो वर्षानुवर्षे तेथे उभा होता. उलटा केला तेव्हा तळाशी रशियन अक्षरांत कास्लीचे नाव आणि १९५९ हे साल दिसले. शतकाच्या हिशेबाने तो पुरातन नव्हे, पण परका खासच. तो येथे कसा आला, याविषयी घरात तीन मते होती. मुंबईला गोदीत असलेल्या काकांनी आणला, कामगार चळवळीतील कोणा पाहुण्याने दिला, की चोरबाजारातून घेतला? तिन्ही शक्य आहेत. तो काळच तसा होता. पवईची आयआयटी १९५८ मध्ये युनेस्कोमार्फत मिळालेल्या सोव्हिएत साहाय्याने उभी राहत होती. अण्णा भाऊ साठे १९६१ मध्ये रशियाला जाऊन आले आणि त्यांनी त्या प्रवासाचे पुस्तक लिहिले. मुंबई आणि मॉस्को यांच्यामध्ये माणसे, पुस्तके आणि भेटवस्तू यांची ये-जा होती. परंतु शक्यता म्हणजे इतिहास नव्हे. काकांची पत्रे एका पत्र्याच्या पेटीत होती, ती घराला रंग काढताना आदल्या वर्षी रद्दीत गेली होती. घोडा राहिला, कारण तो शोभेचा होता. पत्रे गेली, कारण त्यांवर धूळ होती. घोड्याने आपले जन्मगाव आणि जन्मसाल सांगितले, पण तो नागावचा कसा झाला हे सांगू शकणारे कागद आता कोणाकडेच नाहीत.

हे दुःख आणखी बोचते, कारण रशिया आणि हा किनारा यांचा सर्वांत जुना परिचय आपल्याला केवळ कागदामुळे ठाऊक आहे. नागावच्या पुढचे गाव चौल. त्वेरचा व्यापारी अफानासी निकितिन इराणातून होर्मुझमार्गे समुद्र ओलांडून १४६९ च्या सुमारास या चौलला उतरला. त्याच्याजवळ विकायला एक घोडा होता. पुढे जुन्नरच्या खानाने तो घोडा अडकवून ठेवला, मोठ्या खटपटीने परत मिळाला, आणि अखेर बीदरला विकला गेला. परतीच्या वाटेवर, स्वतःच्या गावी पोचण्याआधीच निकितिन मरण पावला. त्याने येथून काय नेले आणि येथे काय ठेवले, त्यातील एकही वस्तू आज दाखवता येत नाही. उरली ती त्याच्या हातची टिपणे. व्यापाऱ्यांनी ती मॉस्कोत महाराजांचा कारभारी वासिली मामिरेव याच्याकडे पोचवली. तेथील बखरकाराने १४७५ च्या नोंदीत ती उतरवून घेतली.

त्या उतरवून घेण्यातील एक तपशील प्रत्येक संग्राहकाने लक्षात ठेवावा असा आहे. बखरकाराने नुसता मजकूर घेतला नाही. हे लिखाण कोणाचे, ते कोणी आणले, कोणाच्या हाती दिले, लिहिणारा कोठे वारला, हे त्याने आरंभी नोंदवले. निकितिन नेमका कोणत्या साली निघाला याची आपण चौकशी केली, पण निश्चित साल मिळाले नाही, हेही त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवले. पाच-सहा ओळींचे हे टिपण नसते, तर तीन समुद्रांपलीकडचा तो प्रवास निनावी गप्पाष्टक ठरला असता. रेवदंड्याला आज निकितिनचे स्मारक आहे, १९५७ मध्ये त्याच्यावर ख्वाजा अहमद अब्बास यांनी रशियन दिग्दर्शकासह 'परदेसी' हा चित्रपट केला. या सगळ्याचा पाया त्या अनाम लेखनिकाच्या टिपणात आहे.

नागावच्या अलीकडचे गाव अक्षी. तेथील केशिदेवरायाच्या शिलालेखाचे साल शं. गो. तुळपुळे यांनी शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असे वाचले आणि मराठीच्या आद्य शिलालेखाच्या चर्चेत अक्षीचे नाव आले. त्या वाचनाविषयीचे मतभेद विद्यार्थ्यांना परिचित आहेत. पण मतभेद होऊ शकले ते दगडावर काल आणि नाव कोरलेले होते म्हणून, आणि तो दगड कोठला हे ठाऊक होते म्हणून. वर्षानुवर्षे रस्त्याकडेला उघड्यावर राहूनही तो मुका झाला नाही. तोच दगड कोणी 'सुंदर जुना दगड' म्हणून उचलून एखाद्या बागेत शोभेला मांडला असता आणि कोठून आणला हे सांगितले नसते, तर त्याचे मोल निम्मे झाले असते.

आमच्या या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील, आणि ते दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की संग्राहक आणि व्यापारी नसते तर या वस्तू मोडीतच गेल्या असत्या. हे खरे आहे. भट्टीपेक्षा दिवाणखाना केव्हाही बरा. संग्राहकाला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. पण वाचवणे आणि जाणणे यांतील पहिली पायरी गाठल्यावर थांबायचे का, हा प्रश्न उरतो. दुसरा आक्षेप खासगीपणाचा. घरच्या पत्रांत भांडणे असतात, कर्जे असतात, लग्ने मोडल्याच्या हकीकती असतात. ती परक्याच्या हाती का द्यावीत? देऊ नयेत. घरच्यांनी नको म्हटले की विषय संपला. मात्र 'ही दौत आजोबांची, ते तलाठी होते, अमुक साली घेतली' एवढे वाक्य लिहून ठेवण्याने कोणाचीही अब्रू जात नाही. बहुतेक घरांत ती पत्रे गोपनीय म्हणून नष्ट केली जात नाहीत, ती निरुपयोगी म्हणून विकली जातात. आमचा रोख या दुसऱ्या गोष्टीकडे आहे.

या बाबतीत आपला कायदा आपल्या सवयींपेक्षा शहाणा आहे. पुराणवस्तूंविषयीच्या १९७२ च्या केंद्रीय कायद्यात शिल्पे, नाणी, कलाकुसरीच्या वस्तू यांना पुराणवस्तू ठरण्यासाठी १०० वर्षे व्हावी लागतात. शास्त्रीय, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखिताला मात्र ७५ वर्षे पुरतात. कागद लवकर जीर्ण होतो आणि लवकर हरवतो, तेव्हा त्याची काळजी आधी घ्यावी, असाच याचा अर्थ आम्ही लावतो. आपण नेमके उलटे करतो. धातूला आधी हात घालतो, कागदाकडे सवड झाली तर पाहतो.

मग करायचे काय? भव्य संग्रहालयांच्या योजना आम्ही सुचवीत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्र-प्रकल्पाला श्रेयांक मिळू लागले आहेत. मराठी विभागांत ते पुष्कळदा 'परिसरातील लोकगीते' किंवा 'ग्रामदैवते' या ठरलेल्या विषयांवर खर्ची पडतात. त्यांतील एक विषय 'घरातील लेखनसाहित्य' हा असू शकतो. विद्यार्थ्याने आपल्या किंवा शेजारच्या घरातील एक दौत, एक कलमदान, एक मेज घ्यावे. वस्तूचे माप घ्यावे, तळ पाहावा, अक्षरे असतील तर उतरवावीत. कोणी वापरली, कशासाठी वापरली, तिच्यासोबत कोणते कागद होते, त्यांचे काय झाले, हे घरच्यांना विचारावे. मोडी वाचणारा कोणी मिळाला तर दोन कागद वाचून घ्यावेत. जे कळले नाही ते 'विचारले, कळले नाही' असे लिहावे. मॉस्कोच्या त्या लेखनिकाने हेच केले होते. वस्तू घरातच राहावी, विभागाच्या कपाटात फक्त नोंद यावी. दहा वर्षांनी घर विकले गेले आणि दौत कोठे गेली ते कळेनासे झाले, तरी तिचा मजकूर गावाजवळ राहील.

संग्राहकांनाही एक विनंती. वस्तू घेताना किमतीची घासाघीस करताच, तेव्हा आणखी दोन प्रश्न विचारा. ही कोणाच्या घरची? आणि हिच्या खणात काय होते? व्यापाऱ्याला पहिले उत्तर पुष्कळदा ठाऊक असते, तो ते आपणहून सांगत नाही इतकेच. मिळालेले उत्तर चिठ्ठीवर लिहून वस्तूसोबत ठेवा, आणि वस्तू पुढे विकताना चिठ्ठीही द्या. रशियन बिडाच्या संग्राहकांत जाणकार मानला जातो तो वस्तू उलटी करून पाहणारा. आपल्या दौतींच्या तळाशी काही लिहिलेले नसते, म्हणून आपल्याला घरातल्या माणसांकडे वळावे लागेल. ती सांगू शकतात तोवरच विचारायला हवे, कारण नागावात या पावसाळ्यानंतर आणखी काही घरांना नवे मालक मिळतील आणि रद्दीवाल्याचा टेम्पो पुन्हा एकदा वाडीच्या तोंडाशी उभा राहील.